धप्पच्या आड

घुम्याच्या गाण्यात गाणाराच नसतो, ही गोष्ट त्याच्या आईला काही केल्या पटत नाही. ती दारात बसून शेंगा सोलता सोलता ऐकते आणि विचारते, "एवढी धामधूम झाली. आता गाणारा कधी यायचा?"

"येणार नाही."

"का, रुसलाय?"

"नाहीच आहे, आई."

मग ती एक किडका दाणा बाजूला भिरकावते आणि म्हणते, "एकानं बोलून बोलून घर बुडवलं. दुसरा न बोलता बुडवतोय."

यातला पहिला म्हणजे घुम्याचा बाप. लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता, पण करवतीपाशी कमी आणि फाटकावर जास्त. भाषण ठोकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कामगारांची बैठक असली की फाटकासमोर स्टूल टाकायचा, वर चढायचा आणि मालकाच्या सात पिढ्या उद्धरायचा. कर्णा आणि बॅटरी वाहून न्यायचं काम लहानग्या घुम्याकडं. त्या पोरानं तिथं एक गोष्ट बघून ठेवली. कर्णा सुरू केला की आधी नुसतंच 'घूं' व्हायचं, आणि त्या घूंसरशी माणसं चिडीचूप. मग बाप तोंड उघडायचा. थोड्या वेळात कुजबुज, मग जांभया, मग कुणी विडी काढायचा, कुणी चप्पल शोधायचा. पोराला वाटायचं, बापानं बोलूच नये, ती घूं तेवढी लांबवावी. हे त्यानं बापाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कानाखाली दुसरी घूं निघाली असती.

बाप गेला, गिरणी त्याच्याही आधी गेली. कर्णा खाटेखाली राहिला. पोरगं वाढत गेलं तसं बोलणं आटत गेलं, आणि गल्लीनं त्याचं नाव घुम्या ठेवून दिलं. आता चाळिशीला आला, केस कानांपाशी पिकले, तरी नाव तेच.

पोटासाठी तो जळालेल्या मोटारी भरतो. पंखे, पंप, पिठाच्या चक्क्या, जे जळेल ते मिस्त्रीच्या दुकानात येतं. जुनी काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची तार वेढ्यावेढ्यानं भरायची, वॉर्निश पाजायचं, वाळवायचं. दुपारपर्यंत हे काम. तिथून घरी आला की हात धुतो आणि दुसऱ्या कामाला बसतो. संध्याकाळी गल्ली कामावरून परतायच्या आत ते उरकावं लागतं, कारण त्याचा खर्ज सुरू झाला की खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीची कात्री टेबलावरून चालायला लागते. ती वरच्या छताला काठी ठोकते. घुम्यानं तो काठीचा ठोकासुद्धा एका गाण्यात घातला होता. तिला अजून माहीत नाही.

त्याचं दुसरं काम सांगायला सोपं, समजायला जरा अवघड. खाली हिप-हॉपचा ठेका घालायचा, संथ, मान हलवणारा. त्यावर डबची तऱ्हा. डब म्हणजे सगळं वाजवायचं आणि मग एकेक काढून घ्यायचं. भरलेल्या घरातून सामान उचलत जावं, खाट काढली, कपाट काढलं, आणि मग रिकाम्या भिंतींत आपलाच आवाज घुमावा, तसं. मिक्सरची एक दांडी खाली ओढली की एक वाद्य गप्प, दुसरी ओढली की दुसरं. जे उरतं ते फितीच्या मशीनमध्ये सोडायचं. तेच पुन्हा, पुन्हा, पुन्हा, विरत जातं. ते मशीन भंगारातून आणलेलं, त्याची मोटार घुम्यानं स्वतः भरलेली. स्पीकरची खोकीही त्यानंच ठोकलेली, प्लायवुडची, कपाटाएवढी. आई त्यांवर कपडे वाळत घालते.

आवाज मात्र तो दुकानातले विकत घेत नाही, बाहेरून आणतो. नदीकाठची घरं पाडली तेव्हा तो खिशात आवाज टिपायचं यंत्र घालून तिथं उभा होता. एका म्हाताऱ्याच्या घराच्या भिंती गेल्या होत्या, दाराची चौकट तेवढी उभी होती, आणि म्हातारा मोकळ्या रानातून आत-बाहेर करताना दर वेळी कडी काढत होता, कडी लावत होता. त्या कडीचं घुम्यानं अख्खं गाणं केलं. शब्द एक नाही. इंटरनेटवर टाकलं, कुठल्या कुठल्या देशांतली माणसं ऐकून गेली, म्हणाली, भारी आहे, काळजाला भिडतं. गल्लीतल्या एकानं ऐकलं, तो म्हणाला, "दाराला तेल दे की लेका."

त्याची एक खोड होती, आणि पुढची भानगड तिच्यातूनच झाली. आवाज कशाचा आहे हे तो लिहून ठेवायचा नाही. आवाजाला नाव दिलं की कान ऐकायचं सोडून बघायला लागतात, असं त्याचं मत. म्हणून तो आवाजांना त्यांच्या गुणावरून हाक मारायचा. जाड्या, पातळ, ओला, करकऱ्या, टोच्या. टोच्या कुठून आला, कुणाचा, हे महिन्याभरानं त्याचं त्यालाही आठवायचं नाही, आणि त्याला त्यात भूषण वाटायचं.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे ताई. घुम्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. बाप गेल्यावर घर तिनंच ओढलं. मध्ये लग्न झालं, नवरा हात उचलायला लागला, तेव्हा एका पिशवीत कपडे भरून परत आली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. पुढं त्या विषयावर ना तिनं तोंड उघडलं ना कुणी उघडायला लावलं. ती मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या मशीनवर आहे. इस्पितळांच्या चादरी तिथं धुवायला येतात. मशीन म्हणजे दोन जाड तवे. खालच्यावर चादर पसरायची, पायाखालचं पायडल दाबायचं, वरचा तवा धप्प करून खाली येतो, मग फुस्स करून वाफ सुटते. धप्प, फुस्स. चादर काढली, दुसरी घातली.

घुम्याला लाँड्रीचं गाणं करायचं होतं. ताई म्हणाली, "आमच्यात काय आहे ऐकण्यासारखं? एक धप्प आणि एक फुस्स."

"तेच पाहिजे."

"मग मुकादमाला विचार. मला मध्ये घालू नकोस."

मुकादम खूश झाला. आपल्या कारखान्याचं गाणं होणार म्हणजे मालकासमोर आपली कॉलर ताठ, असा त्याचा हिशेब. "कर, कर," तो म्हणाला. "पण नाव चांगलं आलं पाहिजे. आणि झालं की इथंच वाजव, सुट्टीच्या दिवशी, सगळ्या बायकांना बोलावतो. मी पहिल्या खुर्चीत बसणार."

त्यानं स्वतः फिरवून सगळं दाखवलं. धुण्याची पिंपं, पिळणी, इस्त्रीची रांग. घुम्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आमच्याकडं स्वच्छता बघ. चादरी इस्पितळात जातात. खोकणारी बाई दिसली की त्याच दिवशी घरी. दोघी गेल्या यंदा. सुंठीवाचून खोकला गेला." आणि स्वतःच्याच म्हणीला स्वतःच हसला. दोघी गेल्या तेव्हाही तो हेच बोलला होता आणि असाच हसला होता, हे घुम्याला नंतर कळलं.

वाफेनं चष्मा धुरकटत होता, हवेत कापडाचा भुसा तरंगत होता, ब्लीचचा वास नाकात चढत होता. वर भिंतीत हवा बाहेर फेकायचा मोठा पंखा होता, तो बंद. पात्यांवर जाळी धरलेली. घुम्यानं खालूनच ओळखलं, मोटार जळाली आहे. तिच्या पोटाला तपकिरी डाग पडला होता आणि असले डाग तो दिवसभर बघत असतो.

"पंखा जळालाय," तो म्हणाला.

"मग काय बिघडलं? वाफ वरच जाते की. खिडकी आहे."

घुम्या पुढं बोलला नाही. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. पंखा चालू असता तर घूं घूं सगळ्यात मिसळली असती आणि ती काढता काढता नाकी नऊ आले असते. आता आवाज काचेसारखा स्वच्छ मिळणार होता. त्यानं यंत्र ताईच्या मशीनशेजारी ठेवलं आणि ती पाळी संपेपर्यंत तिथंच उभा राहिला. ताईनं एकदाही त्याच्याकडं बघितलं नाही.

पुढं बरेच दिवस तो घरी त्या आवाजांत बुडालेला. पिंपांचा खर्ज झाला, पिळणीचा सरसराट झाला, धप्प-फुस्सचा ठेका झाला. झकास बसलं. मग नेहमीप्रमाणं एकेक काढायला लागला. धप्पची दांडी खाली ओढली आणि तिथं त्याला ते सापडलं. धप्पच्या खाली दडलेला एक आवाज. कोरडा, लाकडासारखा, आणि ठेक्याला असा चिकटून की कसलेल्या ढोलवाल्यानं मुद्दाम मारावा. कधी एकेरी, कधी जोडीचा, दुसरा बरोबर फुस्समध्ये. घुम्यानं तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला. त्याला वाटलं, पट्ट्याला गाठ असेल, नाहीतर एखादा खिळा सैल. त्याचं नाव पडलं टोच्या. अख्खं गाणं आता टोच्याभोवती उभं राहिलं. मधोमध धप्प बंद व्हायची, खर्ज बंद व्हायचा, आणि टोच्या एकटा फितीच्या मशीनमध्ये जाऊन घुमत राहायचा. आजवरच्या सगळ्या कामात त्याला असं काही साधलं नव्हतं, हे त्याचं त्याला कळत होतं.

मुकादमानं ठरवलेल्या सुट्टीला आठवडा राहिला तेव्हा आई दारात बसून ऐकत होती. टोच्या एकटा पडला तशी तिचा हात थांबला.

"पोरीला बरं नाही का रे?"

"कुठल्या पोरीला?"

"ताईला. खोकतेय ना ती."

"आई, तो मशीनचा पट्टा आहे."

"पट्टा मी जन्माला घातला नाही. तिला घातली. अंथरुणात उशीत तोंड खुपसून खोकते ती, भिंतीकडं तोंड करून. तू असतोस कानांना टोप्या लावून."

घुम्यानं हसायचा प्रयत्न केला. मग त्यानं फितीचं मशीन काढून टाकलं, घुमारा काढला, टोच्याला होता तसा उघडा करून वाजवला. बाईचा खोकला. छातीतून आलेला, ओठांशी दाबलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो कसा, हे त्याला चाळिसाव्या वर्षी स्वतःच्या खोलीत समजलं. त्यानं गरिबांच्या घरांच्या कड्या ऐकल्या, नळावरच्या बादल्या ऐकल्या, आणि शेजारच्या खाटेवरचं त्याला यंत्रातून ऐकावं लागलं, तेही आईनं सांगितल्यावर.

ताई कामावरून आली, पाय धुतले, खाली बसली. घुम्यानं तिला ते गाणं ऐकवलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. धप्प सुरू होती तोवर ठीक होतं. मध्येच त्या धप्पबरोबर ताईला खरोखरीच खोकला आला, आणि तिचं तिलाच हसू आलं.

"बघ," ती म्हणाली. "घसासुद्धा कामाला लागलाय. धप्प ऐकली की सुटतो."

"मुद्दाम खोकतेस?"

"पायडल माझ्याच पायाखाली आहे ना. घशात आलं की धरून ठेवायचं, चादर घालायची, पाय दाबायचा. धप्पमध्ये एक होतो, राहिला तर फुस्समध्ये दुसरा. मुकादम चार हातांवर उभा असला तरी कळत नाही."

"कधीपासून?"

"माझ्या कडेच्या बाईला घरी बसवलं तेव्हापासून."

"डॉक्टरकडं गेलीस?"

"गेले की. तो म्हणाला, वाफेपासून लांब राहा. मी म्हटलं, पगारापासूनही लांब राहू का?"

आई मध्ये पडली, "मला का नाही सांगितलंस गं?"

"तू काय केलं असतंस? काढा करून दिला असतास. काढा पिऊन मोटार सुरू होते का? तो पंखा कधीचा जळून पडलाय वर."

घुम्या म्हणाला, "बघितला मी."

"बघितलास? मग बोलला का नाहीस? तू मोटारवालाच ना?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. पण ज्याला बोलायचीच सवय नाही त्याला खोटं कुठलं जमायला. "पंखा बंद होता म्हणून आवाज स्वच्छ आला," तो म्हणाला.

ताईनं त्याच्याकडं बघितलं, मग पायांकडं बघितलं. "हं," म्हणाली. त्या एका हं-मध्ये बापाची सगळी भाषणं मावली असती.

मग विषय निघाला तो सुट्टीचा. मुकादम पहिल्या खुर्चीत बसणार, बायका मागं बसणार, आणि मध्ये टोच्या. घुम्या म्हणाला, "कुणाला ओळखू येणार? मलाच आला नाही."

"तुला नाही आला. आईला आला. त्या सगळ्या माझ्या शेजारी उभ्या असतात, आणि मुकादमाचे कान खोकल्यासाठीच लावलेले आहेत. मला घरी बसवतील."

"मी तो काढतो."

"काढ."

काढायला बसला, तेव्हा कळलं की निघत नाही. धप्प आणि खोकला एकाच ठेक्यात एकमेकांत बसलेले. एकाला उचललं की दुसरा लुळा पडायचा. त्याच्या जागी लाकडाचा ठोकळा वाजवून बघितला, मेलेल्या उंदरासारखा पडून राहिला. डाव्या हाताच्या बोटानं टेबल वाजवून बघितलं. नुसती टकटक. आणि आतून एक हलकट विचार सारखा वर यायचा, की राहू दे, एवढं चांगलं पुन्हा होणार नाही, होऊन होऊन काय होईल. त्यानं तो ताईसमोर अर्धा बोलूनही दाखवला.

ताई केस विंचरत होती. "तुझ्या गाण्यात म्हणे गरिबांचं दुःख असतं," ती म्हणाली. "माझं माझ्यापाशी राहू दे. त्याला ठेका लागत नाही. तू एवढंच कर, धप्प काढू नकोस. वाजू दे शेवटपर्यंत. धप्प आहे तोवर मी आहे."

"मग ते डब राहत नाही."

"नाही राहिलं तर काय, चादरी फाटतील?"

त्यानं शब्द दिला. धप्पची दांडी वर ती वरच.

सुट्टीच्या दिवशी चादरी वाळवायच्या शेडमध्ये सगळे जमले. दोऱ्या रिकाम्या होत्या. बायका बाकांवर, पालथ्या टोपल्यांवर बसल्या. घुम्याची दोन खोकी भिंतीला टेकवलेली, मिक्सर घडीच्या टेबलावर. मुकादम धुतलेला सदरा घालून पहिल्या खुर्चीत, पायावर पाय. ताई तिसऱ्या रांगेत, कडेला. आई हट्टानं आली होती आणि दारापाशी बसली होती.

घुम्यानं सुरू केलं. आधी नुसता खर्ज, पिंपांचा. शेडचा पत्रा थरथरला आणि बायका गप्प झाल्या. मग पिळणी आली. पिळणीवरची म्हातारी शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, "ही माझी." मग धप्प आली. धप्प, फुस्स. बायकांच्या तोंडावर हसू आलं, आणि घुम्याला उभ्या जागेवरून दिसलं ते असं, की इस्त्रीच्या रांगेतल्या सगळ्यांचे उजवे पाय जमिनीवर दबायला लागले होते. कुणाला ठाऊकही नव्हतं. धप्प आली की पाय खाली, फुस्स झाली की वर.

आणि मग, आठ-दहा धप्पांनंतर, पायांच्या पाठोपाठ घसे सुटले. एकदम नाही. आधी दुसऱ्या बाकावर एक, धप्पच्या आड. मग मागं दोन. मग पिळणीजवळून एक, तिचा तर इस्त्रीशी संबंध नव्हता, पण कारखान्यात सगळ्यांना एकच धप्प ऐकू येते. मुकादमाला काही कळलं नाही, तो मान डोलावत होता. कळलं ते घुम्याला. महिनाभर तो त्या एका टोच्याच्या मागं होता. आता समोर टोच्यांचं शेत उभं होतं. ताई एकटी नव्हती. जिला तिला वाटत होतं की ही युक्ती आपली एकटीचीच.

गाण्यातली ती जागा जवळ आली. जिथं घरी बसून त्याचा हात शंभर वेळा खाली गेला होता, ती जागा. त्यानं ताईकडं बघितलं. ताई खाली बघत होती, ओठ मिटलेले, धप्पची वाट बघत.

हात गेला. धप्पची दांडी सर्रकन खाली आली, आणि तिच्याबरोबर खर्जाची.

शेडमध्ये नुसता खोकला उरला. मघाशी धप्पच्या भरवशावर सोडलेले, आता आडोसा काढून घेतलेले, वीस-पंचवीस घसे. एकदा निघालेला खोकला परत गिळता येत नाही. त्यात खोक्यांमधून टोच्या एकटा घुमत होता, एकदा, पुन्हा, पुन्हा. कोणता खोकला लाकडाच्या पेटीतून येतोय आणि कोणता बाकावरून, देवालाही सांगता आलं नसतं.

मुकादम उठून उभा राहिला. मागं वळला. "कोण खोकतंय?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग पिळणीवरची म्हातारी म्हणाली, "मशीन खोकतंय, मुकादम. आम्ही बसलोय गप्प."

एक हसली, मग दुसरी. हसण्यानं घसा आणखी खवळतो. ज्या इतका वेळ आवरून होत्या त्याही सुटल्या. तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि खोकत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"बंद कर ते," मुकादम घुम्याला म्हणाला.

घुम्यानं बंद केलं नाही, धप्प परत वर आणली. बायकांनी श्वास घेतला. गाणं जसं संपायचं होतं तसं संपलं. मुकादम तोवर आपल्या काचेच्या खोलीत निघून गेला होता.

घरी जाताना आई पुढं, ही दोघं मागं. ताई खाली बघून झपाझप चालत होती. शेवटी घुम्याच म्हणाला, "हात गेला."

"हात कुणाचा होता?"

"माझाच."

"मग तसं सांग. हात गेला म्हणे. उद्या मला काढलं तर तोच हात भाकरी आणेल ना?"

"आणेल."

"बघू," ताई म्हणाली. कोपऱ्यावर वळताना म्हणाली, "ती मधल्या बाकावरची. शेजारच्या मशीनवर असते, दोन हातांवर. मला आज कळलं."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी कामावर गेली. मुकादम फाटकात उभा होता. एकेकीच्या तोंडाकडं बघत होता, आणि एकेक त्याच्याकडं बघत आत जात होती. भाजीतला एक किडका दाणा वेचून टाकता येतो. सगळीच शेंग किडकी निघाली तर माणूस खाणार काय. त्यानं कुणाला काढलं नाही. ती सुंठीची म्हणही काढली नाही. म्हणून कुणी त्याला भला माणूस म्हणायचं कारण नाही. औषधपाण्याचं नाव निघालं नाही, रजा निघाली नाही. गेलेल्या दोघींना कुणी परत बोलावलं नाही.

काही दिवसांनी मिस्त्रीच्या दुकानासमोर हातगाडी थांबली. वर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. मिस्त्रीनं पोतं उचललं आणि नाक मुरडलं. "लाँड्रीतला पंखा आहे. आत कोळी नांदतायत, पोराबाळांसकट. घे तुला, तुझ्याच पाहुण्यांचा दिसतोय."

घुम्यानं मोटार उघडली. तपकिरी डाग आतूनही तेवढाच होता. जळकी तार उपसून काढली, पोट घासलं, नवी तार भरायला घेतली. इतका हळू भरत होता की मिस्त्री दोनदा येऊन बघून गेला.

"सोनं भरतोयस का तांबं?"

"तांबंच."

"मग हात चालव. इतकं निगुतीनं तर तू आपल्या घरचा पंखाही भरला नाहीस."

"नाही भरला," घुम्या म्हणाला.

पंखा आता फिरतो. ताईचा खोकला गेला नाही. डॉक्टर म्हणाला, आत गेलेलं बाहेर येत नाही, नवं जाणार नाही एवढंच. थोडा कमी झालाय असं आई म्हणते, पण आई ते पहिल्या दिवसापासून म्हणतेय. धप्पची वाट मात्र आता ताई बघत नाही. पंख्याचा आवाजच एवढा आहे की जिला जेव्हा येईल तेव्हा ती खोकते. मुकादमही एकदोनदा खोकला म्हणतात. खरं-खोटं त्यालाच माहीत.

ते गाणं घुम्यानं कुठं टाकलं नाही. एकदा त्यानं ताईला विचारलं, ती म्हणाली, "मी मेल्यावर टाक," आणि हसली, तेव्हा त्यानं तो विषय सोडला.

मध्ये तो पुन्हा यंत्र घेऊन लाँड्रीत जाऊन आला. संध्याकाळी घरी वाजवून बघितलं. धप्प नाही, फुस्स नाही, पिळणी नाही. पंखा सगळ्यावर बसलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच घूं. काही कापता येईना, काही उचलता येईना. तरी त्यानं पुसलं नाही, वाजू दिलं.

आई दारात शेंगा घेऊन बसली होती. बराच वेळ ऐकून म्हणाली, "हे बरंय. यात कुणी खोकत नाही."

"खोकतायत," घुम्या म्हणाला. "ऐकू येत नाही."

आईनं एक शेंग फोडली, दाणे बघितले, आणि भांड्यात टाकले.